दिघे सरांचे चौथे प्रकरण

कॉव्हेंट्री शहराच्या इतिहासावर एक पुस्तक आहे. त्याच्या चौथ्या प्रकरणात १९०६ च्या निवडणुकीतील प्रचाराची हकिकत येते. हे प्रकरण कोणाचे, एवढाच या लेखापुढचा प्रश्न आहे. मुखपृष्ठावर श्री. व्हिटलो यांचे नाव असल्यामुळे उत्तर सोपे वाटेल. मी याच शहरातल्या एका शाळेत गणिताची शिक्षिका होते. उत्तर सोपे वाटले तरी रीत पाहावी, असे वर्गात सांगत आले. म्हणून येथेही रीत दाखवते.

प्रथम विषय. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये एक मोठा वाद पेटला होता. परदेशी मालावर जकात बसवावी की नाही? एक पक्ष म्हणे, बसवावी, म्हणजे इथले कारखाने टिकतील. दुसरा म्हणे, बसवू नये, कारण धान्य बाहेरून येते, जकात लागली की पाव महागेल. या दुसऱ्या, म्हणजे मुक्त व्यापारवाल्या पक्षाने प्रचारासाठी दोन पाव वापरले. मोठा पाव म्हणजे मुक्त व्यापार आणि छोटा पाव म्हणजे जकात. त्यांची चित्रे भिंतींवर लागत आणि खरे पाव काठीला बांधून गल्लीतून मिरवले जात.

कॉव्हेंट्रीत या वादाला आणखी एक धार होती. येथे पूर्वी घरोघरी रेशमी फितींचे माग होते. १८६० साली फ्रान्सशी करार होऊन फ्रेंच फितींवरची जकात उठली आणि हे माग थांबले. म्हणजे मुक्त व्यापाराने ज्यांचे घर बसले, त्यांची मुले-नातवंडे या शहरात राहत होती. तरीही १९०६ साली शहराने मुक्त व्यापाराच्या बाजूचा उमेदवार निवडून दिला. आमच्या शाळेत याचे कारण शिकवले जाई ते असे, की साधे लोक छोट्या पावाचे चित्र पाहून घाबरले.

हे कारण मनोहर दिघे यांना पटत नव्हते. ते आमच्या शाळेत इतिहास शिकवीत. मी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तात्पुरत्या नेमणुकीवर तेथे लागले, तेव्हा त्यांना पंधरा वर्षे झाली होती. तपकिरी टाय, कोटाच्या खिशात टोक वर करून ठेवलेल्या तीन पेन्सिली आणि कोणत्याही विधानावर एकच प्रश्न: "कोणी पाहिलं?" स्टाफरूममध्ये कोणी म्हणाले, की अमक्या बाई नोकरी सोडून लीड्सला चालल्या, की दिघे सर चहाच्या कपातून मान वर न करता विचारीत, "कोणी पाहिलं?" बातमी तिथेच मरत असे. त्यांच्या पत्नी, मालतीकाकू, म्हणत, "लग्नात अंतरपाट बाजूला झाला, तेव्हा मला पाहून यांनी भटजींना विचारलं असेल, ही तीच कशावरून?"

सर मूळचे इचलकरंजीचे. आजोबांचा हातमाग होता. विलायती मिलच्या स्वस्त कापडापुढे तो बंद पडला, आणि आजोबा मग आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला गेले. शाळेत सर शिकले ते हेच, की मुक्त व्यापार म्हणजे मँचेस्टरचे कापड आणि आपल्या विणकरांचे मरण. पुढे इंग्लंडात आले, तर तोच शब्द इथल्या गरिबांच्या तोंडी पावाच्या अर्थाने सापडला.

"माझ्या आजोबांचा माग ज्या धोरणानं बंद पडला, त्याच धोरणानं इथल्या विणकराचाही पडला," ते मला एकदा म्हणाले. "आजोबांनी जन्मभर शिव्या दिल्या. इथला माणूस मत देऊन आला. त्याला मूर्ख म्हणायचं, तर आधी विचारायला हवं ना?"

"सर, आता कोणाला विचारणार? ऐंशी वर्षं होत आली."

"तेव्हा दहा वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदच्या आतच. मोजून बघ. गणित तुझं आहे."

त्या काळी कॉव्हेंट्रीत हा वाद नुसता पुस्तकातला नव्हता. मोटारींचे कारखाने माणसे कमी करीत होते आणि आमच्या वर्गांतल्या निम्म्या मुलांचे वडील घरी बसले होते. सरांनी एकदा चौथ्या वर्षाच्या, म्हणजे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या, वर्गाचे दोन पक्ष करायचे ठरवले. सगळा वर्ग जकातीच्या बाजूला जाऊन बसला. डॅरेन नावाचा एक मुलगा म्हणाला, "सर, माझा डॅड म्हणतो, जपानी गाड्या बंदरातच बुडवायला हव्यात."

"ठीक. तुमच्याकडे टीव्ही कुठला?"

मागून कोणीतरी म्हणाले, "जपानी आहे सर, मी पाहिलाय." वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते डॅरेनच्या बाकापाशी गेले आणि म्हणाले, "तू चुकलास असं मी म्हणत नाही. तुझ्या घरात दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आता अशा घरानं मत कसं द्यायचं, ते लिही." डॅरेनने दोन पाने लिहिली. त्याने त्याआधी वा नंतर कधी दोन पाने लिहिल्याचे मला आठवत नाही.

दर शनिवारी दुपारी सर वृद्धाश्रमांत जात. तीन-चार वर्षे हे चालले. पहिल्या भेटीला मी सोबत होते, कारण माझे यजमान हॉस्पिटलात डॉक्टर होते आणि त्या आश्रमाच्या मेट्रनशी, म्हणजे मुख्य नर्सशी, त्यांची ओळख होती. मिसेस पेग नावाच्या सत्त्याऐंशी वर्षांच्या बाई खिडकीशी बसल्या होत्या. सरांना पाहताच त्यांनी रग बाजूला केला आणि सुजलेला पाय स्टुलावर ठेवला. कातडीचा रंग पाहून त्यांनी ठरवले होते, की हा डॉक्टर. सरांनी खाली वाकून पाय नीट पाहिला.

"मी डॉक्टर नाही, मिसेस पेग. पण पाय सुजलाय, हे खरं आहे. मी नर्सला सांगतो."

"मग तुम्ही कोण?"

"मी मास्तर आहे. मला तुम्हाला पावाबद्दल विचारायचं आहे."

"बेकरी कोपऱ्यावर आहे, लव्ह," बाई म्हणाल्या.

सर नर्सला सांगून आले, आणि मग खुर्ची ओढून बसले. पहिल्या शनिवारी बाई फक्त पायाविषयी बोलल्या. तिसऱ्या शनिवारी १९०६ वर आल्या.

टेपरेकॉर्डर पाहून म्हाताऱ्या बायका गप्प होत, म्हणून सर वहीत लिहून घेत, आणि मराठीत लिहीत. मी कारण विचारले. "इंग्रजीत लिहायला गेलो, की त्यांचं वाक्य मी नकळत सुधारतो. शेवटी मास्तरच ना. मराठीत लिहिताना प्रत्येक शब्दापाशी थांबून विचारावं लागतं, तुम्हाला नक्की काय म्हणायचंय. त्या थांबण्यात खरं बाहेर पडतं." डाव्या पानावर साक्षीदाराचे बोलणे, उजव्या पानावर सरांचे प्रश्न. वर साक्षीदाराचे नाव, गल्ली, तारीख. स्वतःचे नाव त्यांनी एकाही वहीवर घातले नाही. इचलकरंजीच्या कोणा गुरुजींनी त्यांना सांगितले होते, की साक्ष देणाऱ्याचे नाव पुरे, लिहून घेणारा हा कारकून. पुढे जे घडले ते या एका सवयीमुळे घडले.

मिसेस पेग यांची साक्ष तिसऱ्या वहीत आहे. त्यांच्या आजीचे दोन माग १८६० नंतर सरपणात गेले. आणि १९०६ साली त्यांच्या गल्लीतून जी मिरवणूक निघाली, तिच्यात मोठा पाव धरून चालली होती ती त्यांची मावशी, म्हणजे त्याच आजीची मुलगी.

"तिला फ्रेंच फितींचा राग नव्हता?" सरांनी विचारले होते.

"होता. मरेपर्यंत होता. पण माग सरपणात गेले होते ना. जकात बसवून ते परत येणार होते का? आणि पाव तर उद्या सकाळी लागणार होता."

"मग छोट्या पावाची भीती वाटली?"

"भीती? आम्ही हसलो. एवढा छोटा पाव कोण विकतं? तो मुद्दाम केलाय, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं."

त्या मजल्यावरच मिसेस ऑर्टन राहत. त्या बेकरी चालवणाऱ्याच्या कन्या. तो छोटा पाव त्यांच्या वडिलांनी केकच्या भांड्यात भाजला होता, आणि दुकानात सगळ्यांदेखत भाजला होता. बायका काउंटरशी उभ्या राहून थट्टा करीत, की आणखी थोडा लहान करा, उंदराला पुरेल एवढा. मिसेस ऑर्टन यांनी भांड्याचे माप हातांनी दाखवले. सर तसले भांडे शोधून घेऊन आले आणि पुढचे दोन आठवडे त्यांच्या स्वयंपाकघरात छोटा पाव भाजला जात होता. मालतीकाकूंनी मला फोन केला. "सुनंदा, तू ये आणि यांना समजाव. घरात पोळीला पीठ नाही आणि हे १९०६ सालचा पाव फुगतोय का ते बघताहेत."

अशा एकोणीस स्त्रियांच्या साक्षी जमल्यावर सरांनी शेवटच्या वहीत दीड पानाचा निष्कर्ष लिहिला. लोक फसले नव्हते. ज्या धोरणाने आपले घर बुडवले तेच धोरण पोटासाठी राखायचे, हे त्यांनी डोळे उघडे ठेवून ठरवले होते आणि ते कडू आहे हे त्यांना ठाऊक होते. शेवटचे वाक्य असे: "माझ्या आजोबांना ही निवड कोणी दिलीच नव्हती, फरक शहाणपणाचा नाही, मताचा आहे." सरांच्या सगळ्या लेखनात हे एकच वाक्य मला असे माहीत आहे, ज्यात ते स्वतः येतात.

व्हिटलो हे इतिहास विभागाचे प्रमुख होते. हसतमुख, सगळ्यांच्या मुलांची नावे लक्षात ठेवणारे. सरांना ते मॅनी म्हणत. त्यांनी शाळेत प्रदर्शन भरवायचे ठरवले आणि सरांना म्हणाले, "मॅनी, तुझी ती पावाची भानगड इंग्रजीत मिळेल का?" सरांनी वह्या माझ्याकडे दिल्या. मी एका सुट्टीत त्यांचे भाषांतर करून कार्डांवर टाइप केले. एका कार्डावर एक साक्ष, वर साक्षीदाराचे नाव. शेवटी निष्कर्षाचे कार्ड. सरांनी कार्डे वह्यांशी ताडून पाहायला मागितली, तोवर व्हिटलो ती घेऊन गेले होते. प्रदर्शन चांगले झाले. कार्डे परत आली नाहीत. सरांनी दोनदा मागितली. "विभागाच्या फाइलला आहेत, मॅनी, सुरक्षित आहेत."

दोन-तीन वर्षांनी पुस्तक आले. चौथ्या प्रकरणात बायका होत्या, केकचे भांडे होते आणि निष्कर्ष होता, फक्त आजोबांचे वाक्य गाळलेले. प्रस्तावनेत साक्षीदार स्त्रियांचे, त्यातल्या बहुतेक तोवर वारल्या होत्या, नाव घेऊन आभार होते. त्याखाली, "विभागातील सहकाऱ्यांचेही." आपण काही उचलले आहे, असे व्हिटलो यांना कधी वाटले असेल असे मला वाटत नाही. विभागातला खडू जसा विभागाचा, तसे विभागातल्या माणसाचे काम.

सरांनी कोठे तक्रार केली नाही. पण त्याच वर्षी व्हिटलो उपमुख्याध्यापक झाले आणि विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली. सरांनी अर्ज केला. वीस वर्षांत हा त्यांचा तिसरा अर्ज होता. निवड समितीने विचारले, शिकवण्यापलीकडे स्वतःचे काही काम? त्यांनी पावाचे काम सांगितले. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला व्हिटलो बसले होते. ते मृदूपणे म्हणाले, की मॅनीने साक्षी गोळा करायला फार मोलाची मदत केली, आखणी आणि विचार अर्थात विभागाचा होता. सरांनी वह्या पुढे ठेवल्या. त्या कोणाला वाचता येत नव्हत्या आणि कोणत्याही वहीवर त्यांचे नाव नव्हते. तेव्हा सर म्हणाले, "मिसेस कर्वे वाचू शकतात. त्यांना विचारा."

मला वर्गातून बोलावले गेले. इतकी वर्षे तात्पुरतीच चाललेली माझी नेमणूक त्याच टर्मला कायम व्हायची होती आणि तो अहवाल उपमुख्याध्यापक म्हणून व्हिटलो लिहिणार होते. समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारले, "या प्रकरणातला विचार मूळ कोणाचा, हे तुम्ही सांगू शकाल?"

मी म्हणाले, "मी फक्त नोंदींचं भाषांतर केलं. विचार आधी कोणाच्या मनात आला, हे मी पाहिलेलं नाही."

वाक्य तपासून पाहावे. त्यात एकही शब्द खोटा नाही. निष्कर्षाचे दीड पान सरांच्या हस्ताक्षरात आहे आणि त्याचे भाषांतर मीच केले, हे मला कोणी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. सरांनी माझ्याकडे पाहिले. विद्यार्थ्याने शिकवल्याप्रमाणे उत्तर लिहावे आणि ते चुकीचे निघावे, तसे काहीसे त्यांच्या चेहऱ्यावर होते. जागा बाहेरच्या एका तरुणाला मिळाली. माझी नेमणूक कायम झाली. सरांनी पुढच्या उन्हाळ्यात मुदतीआधीच निवृत्ती घेतली.

नंतर काही वर्षे मी त्यांना इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत दुरून पाहत असे. ते नमस्कार करीत, चौकशी करीत, थांबत नसत. शेवटची भेट नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, शहरातल्या ग्रंथालयात झाली. मी मुलांच्या परीक्षेचे काही शोधायला गेले होते. सर खिडकीजवळच्या टेबलाशी बसले होते, पूर्वीपेक्षा बारीक, तोच टाय. पुढे व्हिटलोंचे पुस्तक उघडे होते आणि ते एका कागदावर पेन्सिलीने काही लिहीत होते. मला पाहून त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. प्रकाशकाला लिहिलेले दुरुस्तीपत्र होते.

"वाच. इंग्रजी बरं आहे का सांग."

पत्रात लिहिले होते, की चौथ्या प्रकरणात मिसेस पेग यांच्या तोंडी, छोटा पाव आपल्या वडिलांनी भाजला, असे वाक्य आहे. मिसेस पेग यांचे वडील घड्याळ दुरुस्त करीत. पाव भाजणारे गृहस्थ मिसेस ऑर्टन यांचे वडील. प्रकरणात दोन स्त्रियांची एक झाली असून मिसेस ऑर्टन यांचे नाव पुस्तकात कोठेही नाही. पुढील आवृत्तीत दुरुस्ती व्हावी. पत्राखाली सही होती, "एक वाचक."

मला समजायला थोडा वेळ लागला. टाइप करताना मी वहीची दोन पाने एकदम उलटली होती. मिसेस पेग यांची साक्ष जेथे तुटली, तेथे पुढच्या बाईंची मधूनच जोडली गेली होती. जो माणूस त्या खोलीत बसून या दोघींशी बोलला, त्याच्या हातून ही चूक होणे शक्य नव्हते. ती फक्त माझ्या कार्डावरून उतरवून घेणाऱ्याच्या पुस्तकात येऊ शकत होती.

"सर, ही माझी चूक आहे."

"हो."

"तुम्हाला कधी कळली?"

"पुस्तक आलं त्या दिवशी."

"मग मुलाखतीत का दाखवली नाही? तेवढ्यावर सिद्ध झालं असतं."

त्यांनी पेन्सिलीचे टोक पाहिले. "कोणाची चूक म्हणून दाखवायची होती? तुझं कायम व्हायचं होतं ना त्या टर्मला."

मी म्हणाले, की मी आता लिहून देते, प्रकाशकाला, शाळेला, जिथे सांगाल तिथे.

"आता तुझं लिहिणं हे पश्चात्तापाचं लिहिणं. त्याला साक्ष म्हणत नाहीत," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, व्याख्या सांगावी तसे बोलले. "ऑर्टनबाईंचं तेवढं दुरुस्त होऊ दे." मग त्यांनी पत्र घडी करून पाकिटात घातले, पुस्तक स्वतः जाऊन फडताळात जागच्या जागी ठेवले, टोपी घातली आणि फिरत्या दारातून बाहेर गेले. रस्ता ओलांडण्याआधी त्यांनी दोन्हीकडे नीट पाहिले. बस येत होती, ती जाऊ दिली, मग ओलांडला.

त्या पत्राला उत्तर आले नाही, असे मालतीकाकूंनी पुढे सांगितले. सर त्यानंतरच्या हिवाळ्यात गेले. महिनाभराने काकूंनी मला घरी बोलावले आणि सात वह्या माझ्या हातात दिल्या.

"मुलांना वाचता येत नाही," त्या म्हणाल्या. "तुला येतं." आणि दार लावताना, "तेव्हाही येत होतं."

आता मूळ प्रश्नाकडे येते. चौथे प्रकरण दिघे सरांचे आहे. याला दोन पुरावे आहेत: शेवटच्या वहीतले दीड पान, आणि तिसऱ्या वहीतली ती दोन पाने, जी मी उलटून टाकली. सातही वह्या आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये पुस्तकांच्या कपाटात ठेवल्या आहेत. किल्ली सचिवांकडे मागावी. व्हिटलो यांचे पुस्तक शहरातल्या ग्रंथालयात मिळते. हे ताडून पाहण्याचे काम इथल्या कोणत्याही इतिहासकाराच्या आवाक्यातले नाही, कारण वह्या मराठीत आहेत. ते तुमच्याच आवाक्यातले आहे. माझ्या शब्दावर विसंबू नका. मी या प्रकरणात एकदा अर्धेच सांगितलेले आहे. तिसऱ्या वहीचे एकतिसावे पान पुस्तकाशेजारी उघडा, बत्तिसावे आणि तेहतिसावे वगळू नका, आणि स्वतः वाचून पाहा.